राखणीच्या आठवड्यातली पेज

नाचणकरांच्या घराण्यात सात पिढ्या कोणीही दारूच्या पेल्याला ओठ लावलेला नाही. हे विधान तात्या नाचणकरांनी व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष या नात्याने अनेक व्यासपीठांवरून, डोळे किंचित मिटून केलेलं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं. नाचणकर पेल्याला ओठ लावत नसत. वरून ओतत.

शिवाय ती दारू नसे, तीर्थ असे. बागेच्या वरच्या अंगाला, किंजळीच्या झाडाखाली, शेंदूर फासलेला एक दगड होता. तो नाचणकरांचा राखणदार. मार्गशीर्षात आंब्याच्या कलमांना मोहोर धरायच्या सुमारास त्याला कोंबडा, नारळ, विडी आणि एक बाटली द्यायची आणि त्याने वर्षभर बाग राखायची, असा जुना करार होता. या देण्यालाच ‘राखण’ म्हणत. देवाचं झालं की उरलेलं घरच्या पुरुषांनी तीर्थ म्हणून घ्यायचं. पणजोबांच्या काळी ते पळीने मिळे. आजोबांच्या काळात पळी हरवली म्हणून वाटी आली. तात्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे गुरूच्या वडिलांना, वाटीतून सांडतं, देवाचा अपमान होतो असं वाटलं, म्हणून स्टीलचा पेला आला. पुढे पळी देवघरात सापडली. तेव्हापासून देवाला पळीने आणि पुरुषांना पेल्याने, अशी वाटणी झाली. गुरूचे वडील याच तीर्थापायी चाळिशीत गेले. दाखल्यावर कावीळ लिहिलेलं आहे.

घराण्यात दारुडा असा अधिकृत एकच होता, तात्यांचा पुतण्या गुरुप्रसाद, म्हणजे गुरू. कारण तो वर्षातून एकदा न घेता रोज घेई आणि ओठ लावून घेई.

गेल्या मे महिन्यात गुरूने आंब्याची पिकअप शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या गडग्यात घातली. चिऱ्याचा गडगा, तो काय हलतोय. पुढच्या सीटवर त्याची लेक आर्या होती. तिच्या हनुवटीला टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. त्याच्या बायकोने, दर्शनाने, त्या संध्याकाळी भांडण केलं नाही, रडलीही नाही. लेकीचा हात धरला आणि पोफळीच्या कॉलनीत माहेरी निघून गेली. कॉलेजपासून ती नवऱ्याला ‘अरे गुरू’ म्हणायची. त्यानंतर फोनवर ‘तुम्ही’ म्हणू लागली आणि गुरूला गडग्यापेक्षा ते जास्त लागलं. पिकअपची चावी कुसुमने, म्हणजे गुरूच्या आईने, कमरेला खोचली. ती फक्त भाड्याच्या ड्रायव्हरसाठी सुटायची.

जूनपासून गुरू दर सोमवारी एसटीने रत्नागिरीला व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जाऊ लागला. डॉक्टर गोळी लिहून देत, मग शेजारच्या खोलीत समुपदेशक राजश्री मॅडम तासभर बोलत, आणि गुरू दुपारच्या गाडीने घरी. तात्यांना या उपचारात काही दमच दिसेना.

“ॲडमिट नाही, सलाईन नाही, नुसतं बोलायचं?” ते म्हणाले होते. “बोलून दारू सुटत असती तर मी एकट्याने तालुका कोरडा केला असता.”

पहिल्या खेपेला कुसुम बरोबर गेली होती. डॉक्टरांनी गोळी समजावून सांगितली. “ही पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होईल, डोकं ठणकेल, उलट्या, छातीत धडधड. जिवावरसुद्धा बेतू शकतं. म्हणून गोळी रोज सकाळी कोणीतरी समोर उभं राहून द्यायची. न पिणाऱ्याला ती तसा त्रास देत नाही.” डॉक्टर त्यापुढेही बरंच बोलले. पण कुसुमने ऐकणं तिथे थांबवलं.

राजश्री मॅडमचं म्हणणं वेगळं. “गोळी दाराला बाहेरून कडी लावते, गुरुप्रसाद. आत बसून काय करायचं, ते आपण बोलून ठरवू.” त्या खोलीत गुरूसारखे आणखीही काही जण असत. एकदा प्रत्येकाला विचारलं गेलं, की कशामुळे प्यावंसं वाटतं? कोणी म्हणाला पगार, कोणी म्हणाला मेव्हणा, जयगडच्या बंदरात कामाला असलेला एक जण म्हणाला रात्रपाळी. गुरूने बराच विचार केला आणि म्हणाला, “पेज.”

कोणी हसलं नाही, हे त्या खोलीचं मोठेपण. पण खरंच होतं. पंधरा वर्षं रोज सकाळी, कालची उतरत असताना, आई त्याच्यापुढे तांदळाच्या पेजेचा वाडगा ठेवत आली होती. वर मीठ, कडेला लोणच्याची फोड. आता त्या वाफेचा वास आला की जीभ कोरडी पडायची आणि संध्याकाळची आठवण यायची.

“मग पेज खाऊ नका,” मॅडम म्हणाल्या.

“आईला काय सांगू? तुझ्या पेजेने मला दारू आठवते म्हणून?”

“सांगा की.”

नाचणकरांच्या घरात आईला असं काही सांगायची पद्धत नव्हती. गुरू वाडगा घेऊन मागच्या पडवीत जाई, गोठ्याच्या गव्हाणीत पालथा करी आणि रिकामा आणून देई. गोठ्यात चिंगी नावाची पाडी होती. तिला पेज आवडायची.

राखणीच्या आठवड्यात घर भरलं. तालुक्याच्या गावाहून तात्या आले, मुंबईहून त्यांचा मुलगा विनीत आला. दाभोळहून गोदाआत्या आणि तिचे यजमान श्यामराव आले. श्यामराव रोज सकाळी जपमाळ ओढत आणि कांदा खात नसत. सगळे आले आणि घराला एक चमत्कारिक साथ लागली. तात्या संध्याकाळी बागेत एकटे फेरी मारायला जात आणि लालबुंद होऊन, डोकं धरून परत येत. “पित्त,” ते म्हणत. विनीत एका रात्री न्हाणीघरात ओकला आणि त्याचं खापर कुर्ल्यांच्या कालवणावर फोडलं गेलं. श्यामरावांना जपाच्या वेळी धडधडू लागलं, ती त्यांनी साधनेतली प्रगती मानली. कुसुम सगळ्यांना आमसुलाचं सार करून घालत होती आणि सकाळी न चुकता पेज. “पोटाला हलकी,” ती म्हणे.

गुरूला मात्र काही होत नव्हतं. सकाळी आई तळहातावर गोळी ठेवी, तो गिळी, तोंड उघडून दाखवी. सुरुवातीला एकदोनदा त्याने ती गालात धरून बाहेर थुंकली होती आणि आईने ते पाहिलं होतं. तेव्हापासून ती जीभसुद्धा वर करून बघायची.

राखणीच्या सकाळी दर्शना एसटीने आली, एकटीच. गुरू पाणंदीच्या तोंडाशी पिशवी घ्यायला गेला. तिने पिशवी दिली नाही.

“आर्या?”

“शाळा आहे तिची.”

“बरं झालं आलीस. राखणीला घरची सून—”

“मी राखण बघायला आलेय,” दर्शना म्हणाली. “देवाची नाही, तुमची. आज सगळे तुमच्यापुढे पेला धरतील. तुम्ही काय करता ते बघून संध्याकाळच्या गाडीने मी जाईन, नाहीतर राहीन. आईंना यातलं काही सांगायची गरज नाही.”

गुरू म्हणाला, “बरं.”  सोमवारी मॅडमपुढे तासभर बोलणारा माणूस तिच्या मागून चालू लागला.

पडवीत सभा भरलीच होती. तात्या झोपाळ्यावर, श्यामराव खुर्चीत, विनीत कठड्यावर मोबाइल चाळत. बाबू, जो बाग सांभाळायचा आणि राखणीचं गाऱ्हाणंही घालायचा, तो पायरीवर कोंबडा काखेत धरून बसला होता. कोंबड्याशिवाय सगळे आरामात होते.

“ये गुरू, बस,” तात्या म्हणाले. “मुद्द्याचं बोलू. तू थोरल्या भावाच्या पातीचा. वडील गेल्यापासून पहिलं तीर्थ तुझं. तू घेतल्याशिवाय आम्हांला घेता येत नाही.”

“तात्या, माझी गोळी चालू आहे.”

“माहीत आहे मला. मी समितीचा अध्यक्ष आहे. पण ती गोळी दारूसाठी. हे तीर्थ.”

“गोळीला कसं कळणार?” विनीतने मोबाइलमधून मान न काढता विचारलं.

“तू गप. श्रद्धेचा प्रश्न आहे.”

“पपा, मी त्याच्याच बाजूने बोलतोय. गुरूदादा, सोपं आहे रे. आजच्या दिवस गोळी घ्यायची नाही.”

“तसं नसतं. गोळी बंद केली तरी बरेच दिवस अंगात राहते.”

“मग चार थेंब घे,” श्यामराव म्हणाले. “देवाचं नाव घेतलं की विषाचंसुद्धा अमृत होतं.”

“काका, तुम्ही घ्या की विष. मग बघू.”

झोपाळा थांबला. जावयाला नाचणकरांच्या घरात आजवर कोणी असं बोललं नव्हतं. गोदाआत्या माजघराच्या दारातून म्हणाली, “बघा, बघा. शुद्धीत आल्यापासून किती उर्मट झालाय मेला. प्यायचा तेव्हा कसा गरीब होता.”

यावर दर्शनाला हसू आलं. ते तिने पदराआड नेलं, पण गुरूने पाहिलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला,” तात्या कुसुमकडे वळले. “उद्या मोहोर करपला, तुडतुडा पडला, तर गाव म्हणेल राखण अर्धी राहिली.”

कुसुम विळीवर नारळ खवत होती. तिच्या चेहऱ्यावर विलक्षण शांतता होती. “त्याला नको असेल तर नको,” ती म्हणाली. “आणि घेतलंच त्याने, तर देव बघून घेईल.”

ही शांतता गुरूला खटकायला हवी होती. पण त्याला वाटलं, आई आपल्या बाजूची आहे. त्याचा ऊर भरून आला.

शेवटी बाबूने तोडगा काढला, कारण कोंबडा आता त्याच्या सदऱ्यावर घाण करू लागला होता. “थोरल्याने पेला कपाळाला लावावा नि दगडावर रिकामा करावा. देवाचा देवाला. मग बाकीच्यांनी घ्या. माझा बापूस सांगायचा, एकदा पटकीच्या साथीत असाच केलेला.” बाबूच्या बापाने असं काही सांगितलं होतं का, याची शहानिशा करायला कोणी उरलं नव्हतं. तात्यांनी घड्याळ पाहिलं आणि तोडगा शास्त्रोक्त ठरवला.

किंजळीखाली ऊन चांगलंच तापलं होतं. बायका बागेच्या गडग्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. बाबूने टोपी सरळ केली, हात जोडले आणि आवाज लावला.

“बा देवा राखणदारा! आज नाचणकरांची लेकरां तुझ्या पायाशी उभी आहेत. होय महाराजा!”

“होय महाराजा!”

“कलमाला मोहोर दे, मोहोराला फळ दे, वांदरांची वाट चुकव! होय महाराजा!”

“होय महाराजा!”

“मुंबैत असतील त्यांना मुंबैत सांभाळ. पोफळीला असतील त्यांना पोफळीला सांभाळ,” इथे बाबूने गडग्यापलीकडे हळूच पाहिलं, “नि जमला तर घरी आण! होय महाराजा!”

होकार सगळ्यांनी दिला. गुरूचा आवाज एकट्याचा मागे राहिला.

मग तात्यांनी बाटलीचं बूच काढलं. पळीने दगडावर धार धरली आणि पेला भरून गुरूच्या हातात दिला.

मॅडमनी सांगितलं होतं, अशा वेळी पायाखालची जमीन बघा, हाताला काय लागतंय ते बघा, दहा श्वास मोजा. गुरूने जमीन पाहिली. कातळ होता, त्यावर मुंगळे. हाताला थंडगार स्टील लागत होतं. श्वास मोजायचं म्हटलं, तर प्रत्येक श्वासातून वास नाकात जात होता, आणि तो वास इतका ओळखीचा, इतका घरचा होता की डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या श्वासाला त्याने मोजणं सोडलं. गोळी आठवली. लाल तोंड, ठणका, धडधड. वडिलांसारखं याच किंजळीखाली आडवं पडायचं, तेही बायकोसमोर. त्याने पेला कपाळाला टेकवला आणि दगडावर उपडा केला.

गडग्यापलीकडे पाहायची हिंमत त्याने केली नाही.

पुढचा पेला तात्यांनी घेतला. वरून, धार न तुटता. मग श्यामरावांनी डोळे मिटून. मग विनीतने, हा मुंबईचा असल्यामुळे, ओठ लावून. बाबूने शेवटी ओंजळ पुढे केली. अध्यक्षांनी दुसरी फेरी ‘देवाचं मागे ठेवायचं नाही’ या नियमाने केली.

कोंबडा अजून साफही झाला नव्हता, तोच तात्या घरापुढच्या खळ्यात मटकन बसले. तोंड जास्वंदीसारखं झालं होतं. “पित्त,” ते म्हणाले आणि तुळशीपाशी ओकले. श्यामरावांनी छाती धरली. त्यांची साधना आज फारच वेगाने पुढे चालली होती. विनीत खांबाला मिठी मारून उभा होता आणि “डोकं फुटतंय, आई गं, डोकं फुटतंय” एवढंच म्हणत होता.

“देव कोपला!” तात्या दोन उलट्यांच्या मधल्या फुरसतीत ओरडले. “गुरू, तुझ्यामुळे! थोरल्याने मान नाकारला!”

“कोपायचं तर माझ्यावर कोपेल ना, तात्या?”

“देवाचं काय ते तू शिकवतोस मला—” पुढचं वाक्य तुळशीला ऐकू गेलं.

बाबू टोपी हातात घेऊन पुन्हा “बा देवा” म्हणू लागला. तो ठणठणीत होता. त्याने ओंजळीतून इतरांइतकीच घेतली होती, किंबहुना ओंजळ मोठी होती. गुरू त्याच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दर्शनाची हाक आली. चुलीपाशी गोदाआत्या भिंतीला टेकून बसली होती, आणि ती सगळ्यांत लाल होती.

“आत्या, तू तर तीर्थ घेतलं नाहीस!”

“नाही रे बाबा. बायका कुठे घेतात?”

“मग काय घेतलंस?”

आत्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “खोकल्याचं. यांच्या बॅगेत जपमाळेखाली असतं ते. दोनच घोट.”

“ती माझी बाटली!” श्यामराव खळ्यातून कळवळले.

आता गुरूच्या डोक्यात सरळ रांग लागली. हे तोंड, हा ठणका, ही धडधड त्याने स्वतः कधी भोगली नव्हती, पण डॉक्टरांनी इतक्या वेळा ऐकवली होती की पाठ होती. घरात जेवणारे सगळे आडवे. बाबू आपल्या घरी जेवून आलेला, तो उभा.

“आई,” तो म्हणाला, “माझ्या गोळ्या कुठे आहेत?”

कुसुमने नारळाचे हात पुसले. “पेजेत.”

“कोणाच्या?”

“सगळ्यांच्या. तू मेल्या गालात धरून थुंकायचास. म्हटलं, पेजेतून कसा थुंकशील? खलबत्त्यात कुटून जिऱ्याबरोबर घालते.”

“आणि सकाळी मला हातात देतेस ती?”

“ती माझी कॅल्शियमची. तुला संशय येऊ नये म्हणून.”

दर्शनाने कपाळावर हात मारला. “अहो आई, पण सगळ्यांना कशाला?”

“एकट्याच्या वाडग्यात घातली असती तर त्याला कळलं असतं. आणि डॉक्टरच म्हणाले की, न पिणाऱ्याला त्रास नाही.” कुसुम खळ्यातल्या पुरुषांकडे पाहून खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाली, “आपल्या घरात गुरूशिवाय पितं कोण?”

 खळ्यात सगळेच ओकण्यात होते.

गुरूने राजश्री मॅडमना फोन लावला. त्या सगळं ऐकेपर्यंत एकदाच “काय?” म्हणाल्या. मग भराभर सांगितलं, आडवं पाडा, पाय उंच, घरगुती काही देऊ नका, लगेच दवाखान्यात आणा, म्हातारे आहेत त्यांना आधी. रुग्णवाहिका दुसऱ्या कोणाला घेऊन निघाली होती. विनीतची छोटी गाडी होती, तीत चार आडवी माणसं मावत नव्हती. भाड्याचा ड्रायव्हर लग्नाला गेला होता. उरली पिकअप.

सगळे कुसुमच्या कमरेकडे पाहू लागले. कुसुमने चावी सोडली, पण मूठ उघडेना. तिने सुनेकडे पाहिलं.

 दर्शनाने सासूच्या मुठीतून चावी घेतली आणि गुरूसमोर धरली.

“तोंड उघड,” ती म्हणाली.

गुरूने उघडलं. तिने जवळ जाऊन वास घेतला. खळ्यात सगळ्यांदेखत. नुसता खोबऱ्याचा वास होता.

“तू चालव,” ती म्हणाली. “हळू. वळणावर मी सांगेन.”

आंब्याच्या पेट्यांसाठी पसरलेल्या पेंढ्यावर अध्यक्ष, जावई, आत्या आणि मुंबईकर असे ओळीने निजवले. मध्ये कुसुम टोप घेऊन बसली. शेजाऱ्यांच्या गडग्यापाशी गाडी इतकी हळू झाली की गडग्यावरचं मांजर उठून बघू लागलं. “पुढे,” दर्शना म्हणाली. गुरू पुढे गेला. घाम हातावरून स्टिअरिंगवर उतरत होता. पाठीमागून तात्यांचा आवाज आला, “अरे, जरा जोरात घे, मरतोय मी!” आणि गोदाआत्याचा, “हळूच जाऊ दे रे, दादा मरत नाही!”

दवाखान्यात सगळ्यांना सलाईन लागली. डॉक्टरांनी तात्यांना विचारलं, “किती घेतली होती?”

“पळीभर,” तात्या म्हणाले.

“पळी केवढी?”

तात्यांनी डोळे किंचित मिटले. या वेळी व्यासपीठ नव्हतं.

संध्याकाळपर्यंत धोका टळला. राजश्री मॅडम येऊन कुसुमला बाजूला घेऊन बसल्या. “काकी, औषध असं चोरून द्यायचं नसतं. माणूस मरतो. आणि गुन्हाही आहे.” कुसुम म्हणाली, “चोरून कुठे? सगळ्यांदेखत वाढली.” मॅडमनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. तात्यांना डॉक्टरांनी सोमवारी ओपीडीत बोलावलं. तात्या म्हणाले, समितीचा अध्यक्ष म्हणून पाहणी करायला यायचंच होतं.

बाहेरच्या बाकावर गुरू आणि दर्शना बसले होते. पोफळीकडची शेवटची गाडी निघायला अजून थोडा वेळ होता. हे दोघांनाही माहीत होतं.

“सगळे तुझं कौतुक करताहेत आत,” दर्शना म्हणाली. “आत्या म्हणते, गोळी अंगात आहे म्हणून नाही, पोरगा मनाने पक्का आहे.”

गुरूने चप्पल जमिनीवर घासली. गप्प राहिलं तर काही बिघडणार नव्हतं. पंधरा वर्षं त्याने बायकोला याहून मोठ्या गोष्टी गप्प राहून पटवल्या होत्या.

“गोळी अंगात नव्हतीच,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी पेज पीत नाही. जूनपासून. मागच्या दारी नेऊन ओततो. हातात मिळायची ती आईची कॅल्शियमची. म्हणजे किती दिवस झाले, माझ्या पोटात काहीच नाही.”

दर्शना त्याच्याकडे वळली. “आणि तरी दगडावर ओतलंस?”

इथे एक चांगला नवरा होता होता राहिला. गुरू म्हणाला, “गोळी आहे असं वाटत होतं म्हणून ओतलं. भीतीने. नाही हे माहीत असतं तर काय केलं असतं, ते खरंच सांगता येत नाही मला.”

 लांबून, स्टँडच्या बाजूने, एसटीचा हॉर्न ऐकू आला.

“एवढं खरं तू कॉलेजातसुद्धा बोलला नाहीस,” ती म्हणाली. “शनिवारी पिकअप घेऊन पोफळीला जाऊ. आर्याची सायकल आहे, दप्तर आहे, एसटीत मावणार नाही. आणि गोळी मी देणार. हातात, सांगून.”

“आणि पेज?”

“ते तुझं तू सांग आईंना.”

कुसुम दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं. ‘ओततो’ या शब्दाशी ती थांबली होती आणि तिथून पुढे आली नव्हती.

“मागच्या दारी कुठे ओततोस?”

“गोठ्यात. चिंगीला.”

“अगो बाई!” कुसुम बाकावर बसली. “एवढ्याशा जिवाच्या पोटात सगळ्या गोळ्या!”

बाकीच्यांना रात्रभर दवाखान्यातच ठेवून घेतलं. परतीच्या वाटेवर ती पाडीसाठी एकसारखा जप करत होती. तात्यांसाठी तिने तो केला नव्हता. घर आलं तशी गाडी थांबण्याआधीच उतरून गोठ्याकडे धावली. मागून गुरू, मागून दर्शना.

चिंगी गव्हाणीत तोंड घालून उभी होती. तिला काही झालं नव्हतं. ती पीत नव्हती.